गुडघा दाखवला, आव सांगायची राहिली

माझं मेडिकल बाजाराच्या गावात आहे. सोयाबीनची सोंगणी आटोपली की काउंटरवर गुडघे, कंबरा आणि टाचा घेऊन आलेल्यांचीच रांग लागते. "भाऊ, लय ठणकते, एखादी जोरदार गोळी द्या." पोटाची औषधं नेणारी माणसं वेगळी आणि ही वेगळी, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

गावात ट्रॅक्टर चालवणारा एक पोरगा होता, चोविशीतला. वर्षभर तो माझ्याकडून डायक्लोफिनॅक नेत होता, आधी कंबरेसाठी, मग उजव्या गुडघ्यासाठी. त्याची आई दुसऱ्याच एखाद्या दिवशी येऊन मूळव्याधीचं मलम घेऊन जायची. मलम कोणासाठी, हे मी विचारलं नाही. गोळी कोणाच्या चिठ्ठीवर, हेही विचारलं नाही, आणि ते विचारणं तर कायद्याने माझं काम होतं. दीड वर्षाने नागपुरात दुर्बीण घालून त्याचं मोठं आतडं पाहिलं तेव्हा मूळव्याध निघालीच नाही. आतड्याला आतून व्रण पडले होते. गुडघा आणि कंबर ही त्याच आजाराची पोरं होती, आणि त्या आजाराला चिडवणारी गोळी मी महिन्याच्या महिन्याला देत होतो. तेव्हापासून या विषयावर जे वाचलं, डॉक्टरांना विचारून घेतलं, ते इथे मांडतो.

आव पडणं आपल्याकडे कोणाला नवं नाही. पहिल्या पावसात पाणी गढूळ झालं की घरोघरी कोणाला ना कोणाला पडते आणि आठवडाभरात जाते. ती जंतूंची. पण महिना उलटला तरी संडासात रक्त आणि चिकट आव येत राहते, रात्री झोपेतून उठून पळावं लागतं, वजन उतरतं, रक्त कमी होतं, तेव्हा डॉक्टरांच्या मनात आतड्याच्या दाहाचा जुनाट आजार येतो. त्याला ते थोडक्यात आयबीडी म्हणतात. ऐकायला तसंच वाटणारं आयबीएस हे वेगळं दुखणं. त्यात पोट बिघडतं, पण आतड्याला जखम होत नाही आणि रक्त जात नाही.

आयबीडीत मुख्य आजार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्याला धरतो. गुदाशयापासून सुरू होतो आणि सलग वर सरकतो. दुसरा क्रोनचा आजार. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, मध्ये चांगला भाग सोडून पुन्हा पुढे उगवतो आणि आतड्याची पूर्ण जाडी पोखरतो. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी मिळून त्यावर लेख लिहिला. नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागली आणि आजार पहिल्याच्या नावावर चढला. दोन्ही आजार बहुतेक करून पंधरा ते पस्तीस या वयात सुरू होतात, म्हणजे ऐन कामाच्या वयात. त्यामुळे कंबर दुखली की कामावर ढकलायला सोपं जातं.

आता खरा प्रश्न. काउंटरवर मी "संडास कसं होते?" असं विचारलं की समोरचा हमखास म्हणतो, "गुडघा दुखते भाऊ, त्याचा अन् संडासचा काय संबंध?"

ज्याच्या वावराला रानडुकरांचा त्रास आहे त्याला हा संबंध लवकर कळेल. आतड्याचं आतलं अस्तर एका पेशीच्या जाडीचं असतं, आणि ते दर चार-पाच दिवसांनी नवं होत राहतं. त्याच्या अलीकडे अब्जावधी जीवाणू, पलीकडे आपलं रक्त. कुंपण इतकं पातळ म्हटल्यावर जागलीला माणसं जास्त लागणार. म्हणून शरीराच्या रोगप्रतिकार पेशींचा फार मोठा हिस्सा आतड्याच्या भिंतीतच मुक्काम ठोकून असतो. एरवी हे जागले शहाण्यासारखे वागतात. घरचं जनावर कोणतं आणि रानातलं कोणतं हे त्यांना कळतं. या आजारात ती ओळख बिघडते. घरच्या बैलावरही काठ्या पडतात, दिवस उजाडला तरी हाकाटी थांबत नाही, आणि त्या धावपळीत कुंपणच मोडतं. मोडक्या कुंपणातून आणखी काही आत येतं, हाकाटी आणखी वाढते. ओळख बिघडायला काही अंशी जनुकं कारण असतात, काही अंशी आतड्यातल्या जीवाणूंचा बिघडलेला मेळ आणि आजूबाजूची परिस्थिती. सावजी रस्सा खाल्ल्याने हा आजार होत नाही. झालेला असताना खाल्ला तर पोट बोंबलतं, एवढंच.

हे जागले एका वावरात बसून राहत नाहीत. रोगप्रतिकार पेशी रक्तातून फिरतात. आतड्यात तयार झालेल्या पेशीच्या अंगावर एक खूण असते, आणि आतड्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला त्या खुणेशी जुळणारी कडी असते. पेशी त्या कडीला अडकते आणि वाहिनीतून बाहेर उतरते. सांध्याच्या अस्तराला सूज असली की तिथल्या रक्तवाहिन्याही या पेशींना धरून ठेवतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. मग आतड्यात भडकलेला जागल्या गुडघ्यात उतरतो आणि तिथेही काठी चालवतो. त्याशिवाय दाह वाढवणारी रसायनं, त्यातलं टीएनएफ हे सगळ्यात ओळखीचं, रक्तातून सगळीकडे पोचतात. मोडक्या कुंपणातून सुटलेले जीवाणूंचे तुकडेही यात भर घालत असावेत.

आपली म्हातारी माणसं सांध्याच्या सुजेला आमवात म्हणतात, आणि त्यातला आम म्हणजे पोटात न पचलेलं. त्या शब्दात पोट आणि सांधा एकत्र बसले आहेत, याची मला गंमत वाटते. पण तेवढ्यावरून एरंडेल पाजायला जाऊ नका. व्रण पडलेल्या आतड्याला जुलाब देणं म्हणजे आगीत तेल.

आयबीडीच्या रोग्यांत आतड्याबाहेर सगळ्यात जास्त त्रास सांधेच देतात. साधारण दहातल्या एका-दोघांचे हातापायाचे सांधे सुजतात. पण सगळ्यांचे सारखे नाही, आणि हा फरक ओळखता आला तर पुष्कळ कळतं.

एक प्रकार मोठ्या सांध्यांचा. गुडघा, घोटा, कधी कोपर. पाचपेक्षा कमी सांधे, बहुतेक एकाच बाजूचे. अचानक सुजतात, गरम लागतात, आणि पोटाच्या तालावर चालतात. आव वाढली की गुडघा फुगतो, पोट शांत झालं की बहुतेक वेळा दहाएक आठवड्यांत उतरतो. दुसरा प्रकार हाताच्या बोटांच्या लहान सांध्यांचा. यात पाच किंवा जास्त सांधे, दोन्ही हातांचे, महिनोन्‌महिने दुखतात, आणि पोट बरं असतानाही दुखत राहतात. ही विभागणी १९९८ साली ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी मांडली आणि अजून तीच वापरतात. दोन्हींत सांधा सहसा वाकडा होत नाही. आमवाताची म्हणून जी रक्ताची आरए तपासणी करतात ती बहुधा निगेटिव्ह येते, आणि रोगी रिपोर्ट घेऊन घरी जातो की "काही निघालं नाही."

याशिवाय टाचेची शीर जिथे हाडाला चिकटते तिथे सूज येते. सकाळी खाटेवरून पहिलं पाऊल टाकताना जीव जातो. कधी एखादं बोट आख्खंच फुगतं.

तिसरा प्रकार कंबरेचा, आणि खेड्यात सगळ्यात जास्त चुकतो तो हाच. ट्रॅक्टरवाल्या पोराला सगळ्यांनी, मीही, सांगितलं की गचके बसून बसून कंबर गेली. पण कामाने दुखणारी कंबर काम केल्यावर दुखते आणि पडून राहिल्यावर बरी वाटते. त्याचं उलटं होतं. पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग यायची, सकाळी अर्धा-पाऊण तास वाकता यायचं नाही, आणि वावरात दोन चकरा झाल्या की कंबर मोकळी व्हायची. आरामाने आखडणारी आणि हालचालीने सुटणारी, तरुणपणी सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त टिकलेली कंबरदुखी ही दाहाची असू शकते. यात माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड आणि खुब्याचं हाड जिथे जुळतं तिथून सूज सुरू होते. हे दुखणं पोटाच्या तालावर चालत नाही. पोट गप्प असताना कंबर पुढे जाऊ शकते. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयत दिसतं. एचएलए-बी२७ ही रक्तातून जनुक पाहणारी तपासणी निगेटिव्ह आली म्हणूनही निश्चिंत होऊ नये, कारण आयबीडीबरोबरच्या कंबरेत ती बऱ्याच जणांची निगेटिव्ह असते.

कधी सांधे आधी आणि पोट मागाहून असंही होतं. आतड्याबाहेरचा त्रास असलेल्यांपैकी साधारण चौघांतल्या एकाला तो आतड्याचं निदान होण्याआधीच सुरू झालेला असतो.

रक्तवाहिन्यांचं प्रकरण सांध्यांपेक्षा विरळ आहे, पण त्यात चूक महागात पडते. रक्तवाहिनीच्या भिंतीलाच सूज येणं याला व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. ओलिताच्या पाइपाला आतून शेवाळ धरावं तशी वाहिनी आतून अरुंद होते, किंवा भिंत कमजोर होऊन पाझरते.

बारीक वाहिन्या पाझरल्या की पोटऱ्यांवर लाल-जांभळे ठिपके उठतात, हाताला किंचित उंच लागणारे. सावळ्या कातडीवर ते काळपट दिसतात. काचेचा पेला दाबून पाहिला तर साधा लाल पुरळ फिका पडतो, हे ठिपके पडत नाहीत. नडगीवर दुखऱ्या लाल गाठी उठतात, त्या वेगळ्या. त्यात सूज मुख्यतः कातडीखालच्या चरबीत असते आणि त्या पोटाबरोबर वाढतात-उतरतात. आपल्या भागात अशा गाठी दिसल्या की डॉक्टरांनी क्षयरोग आणि कुष्ठरोगातली रिअॅक्शन यांचाही विचार करायला हवा. चंद्रपूर-गडचिरोलीकडे तर नक्कीच.

मोठ्या वाहिन्यांचा जो आजार आयबीडीबरोबर आढळतो त्याचं नाव ताकायासू. मिकितो ताकायासू हा जपानमधला डोळ्यांचा डॉक्टर. १९०८ साली त्याने एकवीस वर्षांच्या एका बाईच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची विचित्र गुंफण पाहिली. त्याच सभेत दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की आमच्याकडेही असे डोळे आहेत आणि त्या रोग्यांच्या मनगटाला नाडी लागत नाही. हृदयातून निघणारी महाधमनी आणि तिच्या फांद्या सुजून अरुंद होतात. हाताची फांदी अरुंद झाली की नाडी हरवते, मूत्रपिंडाची झाली की रक्तदाब चढतो. बहुतेक रोगी तरुण बाया. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि ताकायासू दोन्ही असलेल्यांत एचएलए-बी५२ हे जनुक जास्त दिसतं, म्हणून दोघांचं काहीतरी आतून नातं आहे असं मानतात. दोन्ही एकाच माणसात असणं दुर्मीळच. पण ओळखायचं साधन किती स्वस्त आहे पाहा: दोन्ही मनगटांवर बोटं आणि दोन्ही हातांचा बीपी. वरच्या आकड्यात दहापेक्षा जास्त फरक पुन्हा पुन्हा आला तर मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायचं. प्रत्यक्षात काय होतं? एका हाताला बीपी लागला नाही की आपण मशीनला शिव्या घालतो, पट्टा दुसऱ्या हाताला गुंडाळतो आणि आलेला आकडा लिहून मोकळे होतो. मी स्वतः दुकानात हे केलं आहे. कापूस वेचताना एकच हात भरून येतो, कपडे वाळत घालताना चक्कर येते, बारीक ताप आणि वजन उतरणं चालू आहे, असं तरुण बाई सांगत असेल तर "अशक्तपणा आहे" म्हणून टॉनिकची बाटली देऊ नये.

रक्ताच्या गाठीचा धोका मात्र दुर्मीळ नाही. आयबीडी असलेल्याला पायाच्या शिरेत गाठ होण्याची शक्यता इतरांच्या दुपटी-तिपटीने असते, आणि आजार भडकलेला असताना आणखी. दाहामुळे रक्त लवकर गोठतं, जुलाबाने अंगातलं पाणी जातं, माणूस खाटेला खिळतो. त्यात आपला मे महिना. एकच पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, किंवा धाप लागून छातीत चमक निघाली, तर सकाळची एसटी पाहत बसायचं नाही. १०८ ला फोन करून तेव्हाच निघायचं. तसंच डोळा लाल होऊन दुखतो आणि उजेड सहन होत नाही, तर डोळे आले म्हणून थेंब टाकत बसू नये; डोळ्याच्या आत सूज असू शकते.

आता उलट बाजू. विदर्भात सांधे दुखायला इतर कारणं कमी नाहीत. चिकनगुनियाच्या साथीनंतर माणसं महिनोन्‌महिने लंगडतात. पूर्वेकडच्या जिल्ह्यांत आणि मेळघाटात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यात हाडं-सांधे असह्य दुखतात. क्षयरोग आतड्यालाही होतो आणि क्रोनसारखाच दिसतो, इतका की आपल्या देशात क्रोनच्या बऱ्याच रोग्यांना आधी क्षयाची औषधं दिलेली असतात. म्हणून घरबसल्या निदान करू नका. निदानाला दुर्बिणीने आतडं पाहून तुकडा काढून तपासावा लागतो. त्याआधी संडासच्या नमुन्यावर कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी होते. आतड्यात सूज असल्याचा अंदाज तिच्यावरून येतो.

औषधांकडे येतो, कारण ते माझ्या धंद्याचं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक या गोळ्या सांध्याला आराम देतात आणि आतड्याच्या अस्तराचं संरक्षण कमी करतात. आयबीडीच्या काही रोग्यांचा आजार त्यांनी भडकतो. डॉक्टर कधी विचार करून थोडे दिवस देतील, पण आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत. तात्पुरतं पॅरासिटामॉल बरं. स्टिरॉइड भडका विझवतात, पण वर्षानुवर्षं घ्यायचं ते औषध नव्हे. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि महिनोन्‌महिने घेऊन एकदम बंद केली तर जिवावर बेततं. बाजारात जडीबुटी म्हणून ज्या पुड्या मिळतात आणि ज्यांनी दोन दिवसांत गुडघा पळू लागतो, त्यांत बऱ्याचदा हेच कुटून घातलेलं असतं. तोंड सुजायला लागलं की समजावं.

सल्फासलाझिनची गोष्ट मला फार आवडते. १९४० च्या सुमारास स्वीडनच्या नाना स्वार्त्झ या बाईंनी सांध्यांच्या आजारासाठी ते औषध घडवून घेतलं, दोन औषधं एका रासायनिक दुव्याने जोडून. गुण दिसला तो आतड्याच्या रोग्यांत. मोठ्या आतड्यातले जीवाणू तो दुवा तोडतात. एक तुकडा तिथेच आतड्याचा दाह शमवतो, आणि दुसरा, सल्फाचा, रक्तात जाऊन सांध्यांवर काम करतो असं मानतात. हातापायाच्या सांध्यांना ते चालतं, कंबरेला फारसं नाही. लघवी नारिंगी होते, त्याने घाबरू नये. पुरुषांत शुक्रजंतू कमी होतात आणि औषध थांबवल्यावर पूर्ववत होतात. घरात लग्न ठरत असेल तर हे आधी सांगावं, नंतर सुनेला बोल लावू नये. सल्फाची ॲलर्जी असेल, किंवा जी६पीडी हा रक्तातला घटक कमी असेल, तर डॉक्टरांना आधी कळलं पाहिजे. अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड आले तर गोळी थांबवून लगेच दाखवायचं. मधूनमधून रक्त तपासावं लागतं.

मोठा आजार असेल तर टीएनएफला अडवणारी इंजेक्शनं आहेत: इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब. आतडं, सांधे आणि कंबर तिन्हींवर चालतात. २०१४ पासून अडालिमुमॅब आपल्या देशात बनतं आणि पूर्वीपेक्षा स्वस्त पडतं, तरी शेतकऱ्याच्या खिशाला ते जडच. ती देण्याआधी दडलेला क्षयरोग शोधावा लागतो, कारण त्यांनी तो जागा होतो.

आणि आव सांगायची राहिली तर काय होतं, ते इथे कळतं. एटानर्सेप्ट हेही टीएनएफलाच अडवतं, कंबरेला उत्तम, आतड्यावर मात्र काही करत नाही. सेक्युकिनुमॅब कंबरेसाठी सर्रास देतात. त्याने क्रोनचा आजार भडकू शकतो. उलट वेडोलिझुमॅब आतड्याच्या पेशीवरच्या त्या खुणेवरच बसून तिला कडीला अडकू देत नाही, पोट शांत करतं, पण सांधे कधी तसेच राहतात. हाडाच्या डॉक्टरला पोट माहीत नसेल आणि पोटाच्या डॉक्टरला कंबर, तर दोघंही आपापल्या जागी बरोबर असून रोगी बिघडतो.

लोक सांगत का नाहीत, हे मला काउंटरमागून दिसतं. बाया तर संडासच्या रक्ताचा विषय नवऱ्यापुढेही काढत नाहीत. पुरुष मूळव्याध म्हणून सोडून देतात. आशाताईंना मात्र बाया सांगतात, म्हणून हा लेख आशाताईंनी वाचला तर मला जास्त बरं वाटेल.

जायचं कुठे? सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचं मेडिकल कॉलेज आणि तिथलं सुपर स्पेशालिटी, आता नागपुरातल्याच मिहानमधलं एम्स. सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारायचं, गावात कोणाला विचारून उपयोग नाही. जाताना मी आता एक कागद लिहून देतो, एकाच पानावर. संडास दिवसातून किती वेळा, रक्त केव्हापासून, रात्री उठावं लागतं का. कोणता सांधा, सकाळी किती वेळ आखडतो. डोळा, तोंडातले फोड, नडगीवरच्या गाठी. दोन्ही हातांचा बीपी. घरात कोणाला क्षय, सिकलसेल. आणि खाली, माझ्याच दुकानातून आजवर नेलेल्या गोळ्यांची नावं.

ट्रॅक्टरवाला पोरगा दर महिन्याला येतो. मागच्या बाजाराला त्याच्याबरोबर त्याचा चुलतभाऊ होता, टाच धरून. मी काही विचारायच्या आतच पोरगा त्याला म्हणाला, "पयले संडासचं सांग. भाऊ त्याशिवाय गोळी देत नाही."